अस्वलीण काहून जेवली नाही

त्र्याहत्तर साली सरकारला जंगली जनावरांच्या मनाची एकाएकी काळजी लागली. माणसांच्या मनाची काळजी वाहणारं खातं अजून निघायचं होतं, पण जनावरांनी नंबर लावला आणि नागपूरच्या एका लहानशा प्राणिसंग्रहालयात डॉक्टर मनोहरराव साहेब म्हणून आले. दोन वर्षं जर्मनीत राहून त्यांनी प्राण्यांच्या अंतर्मनाचा अभ्यास केला होता. सिंहाच्या शेपटीच्या टोकाकडे पाहून त्याला आईची आठवण येते आहे की भूक लागली आहे हे ते सांगू शकत.

नत्थूजीचं नाव मात्र त्यांना कधी कळलं नाही. टेबलाच्या काचेखाली नोकरवर्गाची जुनी यादी होती. तिच्यात अस्वलाच्या पिंजऱ्यापुढे बाबनराव असं लिहिलेलं होतं. बाबनराव केव्हाच गावी जाऊन शेती करत होता, पण साहेबांच्या लेखी अस्वलापुढे जो झाडू घेऊन उभा तो बाबनराव. नत्थूजीनं पहिल्या आठवड्यात दोनदा दुरुस्ती करून पाहिली. मग तोही बाबनराव म्हटलं की 'जी साहेब' म्हणू लागला.

नत्थूजी मूळचा तांडापेठेतला कोष्टी. आजा, बाप आणि स्वतः तो, तिघांचं आयुष्य मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणण्यात गेलं. पण यंत्रमागाचं कापड बाजारात आलं आणि हातमागाच्या लुगड्याला कोणी हात लावेना. चाळिशी उलटल्यावर तो प्राणिसंग्रहालयात रोजंदारीवर लागला. आता त्याच्या जिवाला एकच ध्यास होता, कायम व्हायचं. कायम झालं की खाकी गणवेश, दिवाळीची सुट्टी आणि मेल्यावर बायकोला काहीतरी मिळणार. त्याच्या कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता.

साहेबांनी येताच प्रत्येक पिंजऱ्याला एक जाडजूड वही दिली. 'अंतर्मन नोंदवही' असं तिच्यावर छापलेलं होतं. आत रकाने होते: वेळ, आहार, मनःस्थिती, मनःस्थितीचं संभाव्य कारण. अस्वलीण कागदोपत्री अ-२ होती. अ-१ बाबनरावाच्या काळातच मेलं होतं.

पहिल्या आठवड्यात नत्थूजीनं इमानदारीनं लिहिलं: 'उठली. खाल्लं. झोपली. उठली. झोपली.' साहेबांनी वही पाहिली आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"बाबनराव, हे अस्वलाचं आहे की तुमचं?"

"अस्वलिणीचंच हाय साहेब. ते झोपूनच राहते."

"ती झोपलेली दिसते. आत केवढं वादळ चाललेलं असतं, ते पाहायला शिका. माणूस बोलून मोकळा होतो. या मुक्या जिवांनी कोणाला सांगायचं? त्यांच्यासाठी तुम्ही वाचा व्हायचं." मग टेबलावरच्या कागदाच्या गठ्ठ्यावर बोटं वाजवत ते म्हणाले, "आणि हे बघा, कायम करताना मी ही वहीच बघणार आहे."

सिंहाकडे जागेश्वर होता. त्याच्या सिंहाचे सगळे दात पडले होते आणि त्याचंही झोपण्यापलीकडे काही चाललेलं नव्हतं. पण जागेश्वरच्या वहीत रोज 'राजा विचारमग्न' असं असायचं, आणि शनिवारी 'राजा गतवैभवाच्या आठवणीत'. साहेब त्याच्यावर बेहद्द खूश होते.

"तूबी लिव ना गा कायबी," जागेश्वरनं सांगितलं. "अस्वल काय कचेरीत येऊन म्हनते, असं नाही म्हून?"

पण नत्थूजीला ते जमेना. त्याचं आयुष्य विणण्यात गेलेलं. न टाकलेला धागा टाकला असं विणकराला म्हणता येत नाही, कारण लुगडं उलगडलं की ते दिसतं. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायला त्याचा हात वळत नव्हता. पिंजऱ्यापुढे तो तासन् तास बसायचा. अस्वलीण घोरायची. संध्याकाळी कोरी वही काखेत मारून तो घरी यायचा.

आणि घरी भागीरथा होती.

भागीरथेचं आणि त्याचं लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत दोघांत भांडण असं झालं नाही, आणि खरं सांगायचं तर बोलणं असंही झालं नाही. त्याची गरजच पडली नव्हती. तो खड्ड्यात बसून विणायचा आणि ती शेजारी रहाटावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे बोरूची बोटभर नळी. तिच्यावर आडवा धागा गुंडाळायचा आणि ती धोट्यात घालायची. भागीरथा भरलेली कांडी टोपलीत टाके. नत्थूजी मान वर न करता ती उचले, अंगठ्यानं दाबे आणि त्याला बायकोची सगळी खबर लागे. कांडी दगडासारखी कडक लागली की बाई रागावलेली आहे. मऊ, सैल लागली की अंग दुखतंय. जागोजागी गाठी लागल्या की रडून झालं आहे. कडक कांडी आली की तो संध्याकाळी मुकाट्यानं बाजारातून तिच्या आवडीचे फुटाणे आणायचा. सैल आली की तासभर आधीच माग थांबवायचा. दुसऱ्या दिवशी कांडी ठीक भरलेली आली की प्रकरण मिटलं. मोठमोठ्या शिकलेल्या घरांत इतकी चोख व्यवस्था नसते.

मग गेल्या दसऱ्यानंतर भागीरथा मुलीच्या, प्रेमिलेच्या बाळंतपणाला एसटीनं उमरेडला गेली. दीड महिना राहिली. तेवढ्यात नत्थूजीच्या डोक्यात आलं की आपण आता नोकरदार होणार, आणि नोकरदाराच्या घरात पुढच्या खोलीत खड्डा शोभत नाही. त्यानं माग उपटला आणि लाकडाच्या टालीवर विकून टाकला. खड्ड्यात मुरूम भरला, वरून सारवलं आणि पत्र्याच्या दोन खुर्च्या मांडल्या. रहाटही त्याच भरात गेला.

भागीरथा परत आली. हातातली पिशवी खाली न ठेवता तिनं पुढची खोली पाहिली.

"खड्डा बुजवला?"

"बुजवला."

एवढंच. ती स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून ती कामापुरतं 'हो' आणि 'नाही' सोडून काही बोलली नाही. आणि आता कांडीही नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच बायकोच्या मनात काय आहे ते नत्थूजीला कळेनासं झालं. तिला विचारायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

तर अशा त्या कोऱ्या वहीच्या संध्याकाळी तो पत्र्याच्या खुर्चीत बसला होता. भागीरथा दारात बसली होती. डावा हात मांडीजवळ गोल गोल फिरत होता आणि उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर टेकलेली, जणू मधून धागा चाललेला. रहाट नव्हता, धागा नव्हता. हात आपले चालू होते. नत्थूजी ते बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं वही उघडली आणि लिहिलं: 'मादी बसल्या जागी पुढचे हात गोल फिरवते. हातात काही नसते.'

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीतून उठलेच.

"बाबनराव, हे! हेच मला पाहिजे होतं." त्यांनी त्या ओळीभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला. "हात नाही, पंजे लिहा. बाकी उत्तम."

नत्थूजीला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. पण त्यात खोटं काही नव्हतं. जे पाहिलं तेच लिहिलं होतं. कुठं पाहिलं, असा रकाना वहीत नव्हता. असं स्वतःला समजावून तो रोज संध्याकाळी घरी बसून अस्वलिणीचं मन लिहू लागला.

'आज खाण्याकडे लक्ष नाही. अर्धे टाकून उठली.'

'सकाळी दारापुढे पाणी शिंपडले.' याच्यापुढे साहेबांनी लिहिलं की मादी आपल्या हद्दीची खूण करते.

'आज दिवसभर उपाशी. चंद्र उगवल्यावर खाल्ले.' ही संकष्टी चतुर्थी होती. पुढच्या महिन्यात तीच नोंद पुन्हा आली तेव्हा साहेबांनी पंचांग नव्हे तर कुठलंसं जर्मन कोष्टक काढलं आणि दिवस मोजले. अस्वलाच्या भुकेचा चंद्राशी संबंध आहे हे जगात अजून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. चंद्र उगवेपर्यंत पिंजऱ्यापाशी थांबल्याबद्दल त्यांनी बाबनरावाचं फार कौतुक केलं. नत्थूजीनं मान खाली घातली.

एकदा मात्र तो सापडता सापडता वाचला. त्यानं लिहिलं होतं, 'नर जवळ येताच पाठ फिरवली.'

"नर?" साहेब म्हणाले. "पिंजऱ्यात नर कुठला आला?"

नत्थूजीनं वहीत पाहिलं. "म्हंजे... मी साहेब. मीच जातो ना आत, झाडू माराले."

साहेबांनी टेबलाला वळसा घालून येऊन नत्थूजीच्या खांद्यावर हात ठेवला. "ती तुम्हाला जोडीदार समजते, बाबनराव," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या लक्षात येतंय का हे? आणि तुमच्यावर रुसली आहे."

"ते मले मालूम हाय साहेब," नत्थूजी म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

संक्रांतीच्या दिवशी भागीरथेनं शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावलं. बायका पत्र्याच्या खुर्च्या सरकवून जमिनीवर बसल्या. भागीरथा मात्र जिथं खड्डा होता तेवढी जागा सोडून बसली. वाण देताना, तिळगूळ वाटताना सगळीकडे फिरली, पण त्या सारवलेल्या चौकोनावर तिनं पाय ठेवला नाही. नत्थूजीनं ते पडवीतून पाहिलं. त्या दिवशी त्यानं 'संभाव्य कारण' हा रकाना पहिल्यांदा भरला: 'मादीचे जे होते ते तिला न विचारता नेले.'

लिहून झाल्यावर तो त्या ओळीकडे बघत बसला. आपल्याला हे माहीत होतं, हेच त्याला माहीत नव्हतं. त्यानं शाई वाळू दिली आणि वही मिटून ठेवली. भागीरथा आत भांडी घासत होती. उठून दहा पावलं चालत जायचं आणि हेच वाक्य तिला सांगायचं, एवढंच काम होतं. पण ते सरकारी काम नव्हतं, त्यामुळे राहून गेलं.

होळी झाल्यावर साहेबांचं व्याख्यान ठेवलं गेलं. विषय होता, 'एका अस्वलाचे अंतर्मन'. महाविद्यालयाचं सभागृह मोठं आणि अस्वलाच्या मनात रस असणारे लोक थोडे, म्हणून कर्मचाऱ्यांनी सहकुटुंब यावं असा हुकूम निघाला. नत्थूजीनं घरी तो हुकूम दडवून पाहिला, पण जागेश्वरची बायको भागीरथेला बोलवायलाच आली. भागीरथा ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली. ते नत्थूजीनंच विणलेलं होतं.

दोघं शेवटच्या ओळीत बसली. पडद्यावर अ-२चं चित्र उमटलं. ती झोपलेली होती.

"तुम्हाला ही निजलेली दिसते," साहेब म्हणाले. "पण आमच्या नोंदी काय सांगतात ते ऐका. ही मादी बसल्या जागी आपले पंजे गोल गोल फिरवते. पंज्यात काहीही नसतं."

भागीरथेचा डावा हात मांडीवर हळूहळू फिरत होता. तो थांबला.

साहेब वाचत गेले. सकाळचं पाणी शिंपडणं आलं. चंद्र आला. चंद्रापाशी टाळ्या पडल्या. भागीरथेनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. नत्थूजी छताचा पंखा बघत होता. नर जवळ येताच मादी पाठ फिरवते, हे आलं तेव्हा तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. ती रागावली की काय, ते नत्थूजीला काही केल्या कळेना. आता ही बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली की साहेब ते अस्वल नाही, मी आहे, तर खाकी गणवेश गेला, दिवाळी गेली, रोजंदारीही गेली.

"आणि याचं कारण?" साहेबांनी चष्मा पुसला. "तिचं जे होतं ते तिला न विचारता नेलं. तिचं जंगल. माणूस आणि पशू यांत हाच तर फरक आहे. माणसाचं काही घ्यायचं तर आपण त्याला विचारतो. आणि नाही विचारलं तर तो बोलतो, भांडतो, दाद मागतो. ही बिचारी कोणाला सांगणार?"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. शेवटी साहेबांनी आभार मानले त्यात बाबनरावांचंही नाव होतं. भागीरथेनं टाळ्या वाजवल्या नाहीत आणि ती उठून उभीही राहिली नाही.

घरी जाताना ती समोर बघतच म्हणाली, "न इचारता नेलं, हे साहेबाले कोनं सांगतलं?"

"म्या लिवलं."

"कवा?"

"संक्रांतीच्या दिसी."

ती मनात दिवस मोजत चालली. "म्हंजे दोन महिन्यापासून तुमाले मालूम होतं."

नत्थूजीनं मान हलवली.

"मले सांगाचं सोडून सरकारले सांगतलं तुमी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि नत्थूजीला तो चढलेला असता तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून कामापुरतं 'हो' आणि 'नाही' हेही बंद झालं.

इकडे व्याख्यानानं कमाल केली होती. वरच्या कचेरीतून साहेबांचं अभिनंदन आलं, आणि अ-२चं गेलेलं जंगल तिला अंशतः परत द्यावं म्हणून एक जंगली ओंडका मंजूर झाला. एक ओंडका मंजूर व्हायला सात सह्या लागल्या. साहेबांनी नत्थूजीला बोलावलं.

"बाबनराव, ओंडका बसवला की मादी आनंदी झाल्याची नोंद यायला हवी. वरून विचारणा होणार आहे. ती नोंद आली की त्याच दिवशी तुमचा कागद मी पुढे पाठवतो."

नत्थूजी बाहेर आला तो डोकं धरूनच. जागेश्वरला तर हसू आवरेना. "एक शब्द लिवाचा हाय गा. आनंदी. माहा सिंह तं दर सोमवारी आनंदी राहते."

पण घरात ते अस्वल आनंदी नव्हतं, तर वहीत कसं होणार? नत्थूजीनं फुटाणे आणले. पुडी कोनाड्यात तशीच राहिली. बांगड्या आणल्या, त्या तिनं शेजारणीच्या मुलीला दिल्या. त्यानं पत्र्याच्या खुर्च्या पडवीत नेऊन ठेवल्या. तिनं त्या जागी नुसता झाडू मारला. एक दिवस तर त्यानं 'आनंदी' शब्दातला 'आ' लिहिला, त्याच्याकडे पाहिलं आणि खोडला. साहेबांना वाटलं मादी आज काही म्हणता म्हणता थांबली. त्यांनी तिथंही लाल गोल काढला.

चैत्रात, ऊन भाजायला लागल्यावर, एका दुपारी हातगाडीवरून ओंडका आला. मंजूर झाला होता एक ओंडका. कंत्राटदारानं लाकडाच्या टालीवरून तीन जुनी लाकडं उचलून, तारेनं बांधून त्यांचा एक ओंडका केला होता. पावतीवर 'जंगली लाकूड, नग एक' असं होतं. नत्थूजी आणि जागेश्वरनं तो पिंजऱ्यात नेऊन मधोमध उभा केला आणि बाहेर येऊन जाळीचं दार लावलं.

दाराला कडी घालता घालता नत्थूजीचा हात थांबला. मधलं लाकूड चौकोनी होतं. सागवानी, हातानं गुळगुळीत झालेलं, एका बाजूला लांब खाच. विणून झालेलं लुगडं ज्याच्यावर गुंडाळतात ते लाकूड. टोकाला त्याच्या आज्यानं छिन्नीनं पाडलेल्या तीन खुणा होत्या. त्या खुणांत कुंकू होतं. दर दसऱ्याला भागीरथा मागाची पूजा करायची, त्या टोकाला कुंकू माखायची आणि गुळातुपाचा नैवेद्य बोटानं लावायची. बावीस दसऱ्यांचं कुंकू आणि गूळतूप त्या लाकडात मुरलेलं होतं.

भागीरथेच्या दुःखावर सात सह्या होऊन भागीरथेचा माग अस्वलिणीला मंजूर झाला होता.

नत्थूजी खालीच बसला. जागेश्वरनं विचारलं, ऊन लागलं का गा. वही तिथंच कठड्यावर होती आणि त्याचा हात सवयीनं तिच्याकडे गेला. लिहायला आज खूप होतं. त्यानं वही उघडली, पेन काढलं आणि मग 'सरकारले सांगतलं' हे बायकोचं वाक्य आठवून पेन पुन्हा खिशात ठेवलं. आजवरच्या नोकरीत पहिल्यांदाच तो दुपारी कामावरून उठून घरी गेला.

भागीरथा तांदूळ निवडत होती. तो दारातच उभा राहिला.

"मागाचं लाकूड सापडलं," तो म्हणाला. "अस्वलिणीच्या पिंजऱ्यात हाय. म्या अजून कोनालेच सांगतलं नाही. पयले तुले सांगून राहिलो."

तिनं सूप खाली ठेवलं. पदर सारखा केला आणि पायात चपला सरकवल्या.

दोघं पिंजऱ्याशी आली तेव्हा अ-२ जागी होती. नत्थूजीच्या नोकरीत भरदुपारी ती जागी असण्याची ही पहिलीच वेळ. ती मागाच्या लाकडापुढे मांडी घालावी तशी बसली होती. दोन्ही पंज्यांनी लाकडाचं टोक धरून ती बावीस वर्षांचं गूळतूप मन लावून चाटत होती. चाटता चाटता तिनं डोकं घासलं आणि वर केलं. तिच्या काळ्याभोर कपाळावर ठसठशीत कुंकू लागलं होतं.

सवाशीण अस्वलीण मागावर बसून त्या दोघांकडे बघत होती.

भागीरथेनं आधी पदर तोंडावर धरला. मग तिचे खांदे हलायला लागले. नत्थूजीला वाटलं रडते आहे. पण पदर सुटला आणि ती हसत होती, जाळीला धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता त्यातलं थोडं पाणी खरंच रडण्याचं झालं. तिनं ते पुसलं आणि पुन्हा पिंजऱ्याकडे पाहून हसली. नत्थूजी शेजारी उभा राहून तिचं तोंड बघत राहिला.

मग बावीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. त्यानं विचारलं.

"काय करू वं? बाहेर काढू का? घरी नेऊ?"

भागीरथेनं लाकडाकडे पाहिलं, मग अस्वलिणीकडे.

"राहू द्या," ती म्हणाली. "बसली हाय तं बसू द्या तिले. आपल्या घरी कोन बसते आता त्याच्यावर?" मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "तवा मले इचारलं असतं, तं तवाबी म्या हेच म्हटलं असतं. इका म्हून."

नत्थूजीला आपण इतके महिने काय वाहत होतो ते त्या क्षणी कळलं, आणि ते किती हलकं होतं तेही कळलं.

"चाला आता," भागीरथा म्हणाली. "मले भूक लागली हाय."

त्या संध्याकाळी त्यानं वही भरली. 'मनःस्थिती: मादी हसली. संभाव्य कारण: तिला विचारले.'

सकाळी साहेबांनी ती ओळ तीनदा वाचली. अस्वल हसतं, हे चंद्रापेक्षाही मोठं होतं. दिल्लीच्या परिषदेला अजून महिना होता, तेवढ्यात निबंध होण्यासारखा होता. पण पुढचा रकाना वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तिला विचारलं म्हणजे काय, बाबनराव? जनावराला कोणी विचारतं का? हे शास्त्रात बसत नाही." त्यांनी लाल पेन्सिलीनं 'तिला विचारले' खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'लाकूड मिळाले.'

"जी साहेब," नत्थूजी म्हणाला.

त्याचा कागद त्याच दिवशी पुढे गेला आणि पावसाळ्याआधी तो कायम झाला. हुकूम बाबनरावाच्या नावानं निघाला होता, तो दुरुस्त व्हायला दिवाळी उजाडली. साहेबांच्या निबंधाचा मात्र दिल्लीत फार बोलबाला झाला आणि पुढच्याच वर्षी सगळ्या पिंजऱ्यांना एकेक लाकूड मंजूर झालं. सिंहाला मिळालं, तरसाला मिळालं, माकडांना दोन मिळाली. जागेश्वरनं आपल्या वहीत 'राजा आनंदी' असं लिहिलं.

बाकी कोणी हसल्याची नोंद नाही.